मेंदूतल्या गाठींसाठी इम्युनोथेरपी आणि रेडिओसर्जरी: आधी काय द्यायचं, मध्ये किती अंतर ठेवायचं?

तुम्ही लिहिलेली माहिती आधी एकदा मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. वडील ६३ वर्षांचे. फुप्फुसाचा कॅन्सर, नॉन-स्मॉल-सेल प्रकारातला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, पीडी-एल१ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन; इम्युनोथेरपी लागू पडेल का याचा अंदाज त्यावरून बांधतात) ६० टक्के. जनुकीय तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे. डोकं दुखायला लागलं म्हणून एमआरआय केला आणि मेंदूत तीन गाठी निघाल्या. सर्वांत मोठी उजव्या फ्रंटल भागात, १८ मिलिमीटरची, भोवती सूज. उरलेल्या दोन ६ आणि ४ मिलिमीटरच्या. चालणं-बोलणं नीट आहे, फिट आलेली नाही. सूज उतरवणारं स्टिरॉइड, डेक्सामेथासोन, ४ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा चालू आहे. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात, पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला मोकळं करणारी इम्युनोथेरपी, या आठवड्यातच सुरू करू. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात, आधी रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमकं रोखलेलं, जास्त डोसचं रेडिएशन. तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्हींत महिनाभर अंतर ठेवा, नाहीतर मेंदू सुजेल. आणि तुम्ही कुठेतरी वाचलंत की दोन्ही एकत्र दिलं तर रेडिएशनमुळे शरीरभरचा कॅन्सर विरघळतो.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग मेंदूच्या रेडिओसर्जरीचा आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल हे लक्षात ठेवूनच वाचा. वडिलांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत. निर्णय त्यांच्याच डॉक्टरांचा. पण त्या डॉक्टरांशी बोलताना नेमकं काय विचारायचं, हे तुम्हाला नक्की सांगता येईल.

पहिली गोष्ट. तुमचा प्रश्न ‘आधी काय आणि अंतर किती’ असा आहे. माझ्या मते खरा पेच तो नाही. या रुग्णाच्या बाबतीत तीन गोष्टी निकाल ठरवतील: मोठ्या गाठीमुळे त्रास होतोय की नाही, स्टिरॉइड किती लवकर खाली आणता येतं, आणि जनुकीय रिपोर्टमध्ये काय येतं. दोन उपचारांतलं दिवसांचं अंतर या तिन्हींच्या मागे, बरंच मागे येतं.

रिपोर्टपासून सुरुवात करते, कारण तिथली घाई पुढे महागात पडू शकते. अ‍ॅडेनोकार्सिनोमामध्ये ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकात बदल सापडला तर उपचारांचं सगळं चित्रच बदलतं. ईजीएफआरसाठी ओसिमेर्टिनिब, एएलकेसाठी अलेक्टिनिब किंवा लोर्लाटिनिब या गोळ्या मेंदूपर्यंत चांगल्या पोहोचतात आणि तिथल्या गाठींवरही काम करतात. अशा रुग्णांमध्ये एकट्या इम्युनोथेरपीचा उपयोग सहसा कमी होतो, पीडी-एल१ कितीही असो. आणखी एक अडचण अशी की इम्युनोथेरपी देऊन झाल्यावर थोड्याच काळात ओसिमेर्टिनिब सुरू केलं तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. उलट क्रमाने दिलं तर तसा वाढलेला दिसत नाही. म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅबचं पहिलं सलाइन लागलं आणि आठवड्याने ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, तर योग्य ती गोळी सुरू करायला अडखळावं लागतं. म्हणून ‘या आठवड्यातच इम्युनोथेरपी’ यावर माझा पहिला प्रश्न हाच असेल: रिपोर्ट कधी येतोय? रेडिओसर्जरीला त्या रिपोर्टसाठी थांबावं लागत नाही. वाट बघण्याचे दिवस वाया न घालवण्याचा हा सरळ मार्ग आहे.

आता मोठ्या गाठीकडे. गोळी किंवा इम्युनोथेरपी देऊन मेंदूतल्या गाठींचं काय होतं ते बघू आणि रेडिएशन राखून ठेवू, हा विचार चुकीचा नाही. काही रुग्णांमध्ये तोच योग्य असतो. पण तो कोणत्या रुग्णांवर तपासला गेला हे बघायला हवं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब एकटं देऊन जो नावाजलेला अभ्यास झाला, त्यात मेंदूतल्या गाठी ५ ते २० मिलिमीटरच्या होत्या, लक्षणं नव्हती आणि स्टिरॉइडची गरज नव्हती. तरीही पीडी-एल१ पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांच्याच गाठी आक्रसल्या. मेलानोमामध्ये, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, आकडे याहून चांगले आहेत: इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी दिली तेव्हा लक्षणं नसलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांना मेंदूत फायदा झाला. मात्र त्याच अभ्यासातल्या, लक्षणं असलेल्या छोट्या गटात गाठी आक्रसण्याचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषधं तीच, आजार तोच. फरक लक्षणांचा, आणि बहुधा त्यासाठी चालू असलेल्या स्टिरॉइडचाही.

तुमच्या वडिलांचं डोकं दुखतंय, गाठीभोवती सूज आहे आणि रोज १२ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन चालू आहे. म्हणजे ‘औषध देऊन बघू’ ज्या रुग्णांमध्ये बरं चाललं, त्या रुग्णांत ते बसत नाहीत. त्यांच्यासाठी मी रेडिओसर्जरी आधी लावेन. गाठ लहान असताना एकाच बैठकीत जास्त डोस देता येतो, आजूबाजूचा मेंदू थोडाच भाजतो, आणि वर्षभराने पाहिलं तर दहापैकी आठ-नऊ गाठी आटोक्यात असतात. जुन्या अमेरिकन अभ्यासातून आलेली डोसची मोजपट्टी आजही आम्ही समोर ठेवतो: २ सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), २ ते ३ सेंटिमीटरला १८, ३ ते ४ सेंटिमीटरला १५. गाठ जितकी मोठी तितका डोस कमी करावा लागतो, म्हणजे ताबाही कमी आणि त्रासही जास्त. १८ मिलिमीटरची गाठ अजून सोप्या बाजूला आहे. दोन महिने औषधाची वाट बघितली आणि ती २६ मिलिमीटरची झाली, तर तीच रेडिओसर्जरी अवघड होते, तीन किंवा पाच बैठकांत विभागून द्यावी लागते. ६ आणि ४ मिलिमीटरच्या गाठी त्याच बैठकीत उरकता येतात. रुग्ण टेबलावर असताना त्या सोडून देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

हेच चित्र थोडं वेगळं असतं तर माझं उत्तर बदललं असतं. मेलानोमा, ५-६ मिलिमीटरच्या चार गाठी, काहीही त्रास नाही, स्टिरॉइड नाही, आणि सहा-सात आठवड्यांनी एमआरआय नक्की होईल अशी व्यवस्था: तिथे मी जोडीची इम्युनोथेरपी आधी देऊ देते आणि स्वतः हात आखडता घेते. याउलट गाठ ३ सेंटिमीटरहून मोठी, लहान मेंदूत, मेंदूतल्या पाण्याच्या वाटेवर दाब देणारी असेल, तर रेडिएशन आणि इम्युनोथेरपी दोन्ही थांबतील. आधी न्यूरोसर्जनला फोन. गाठ काढून रिकाम्या झालेल्या जागेला नंतर रेडिओसर्जरी देता येते.

गाठी तीनच आहेत की जास्त, हा प्रश्नही अनेकांना सतावतो. जपानमध्ये १,१९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ ते १० गाठी असलेल्यांना फक्त रेडिओसर्जरी देऊन २ ते ४ गाठीवाल्यांइतकंच आयुष्य मिळालं. तेव्हा नव्या एमआरआयमध्ये आणखी दोन ठिपके दिसले तरी लगेच ‘पूर्ण मेंदूला रेडिएशन’ या शब्दांचा धसका घेऊ नका. पूर्ण मेंदूचं रेडिएशन आम्ही शक्यतो लांब ठेवतो. १ ते ३ गाठींच्या रुग्णांत रेडिओसर्जरीला त्याची जोड दिली तेव्हा तीन महिन्यांत ९२ टक्के रुग्णांच्या स्मरणशक्तीत, विचारशक्तीत घसरण दिसली. फक्त रेडिओसर्जरी घेतलेल्यांत ६४ टक्के. आयुष्य दोन्हीकडे सारखंच. इम्युनोथेरपीच्या काळात याला आणखी एक कारण जोडलं गेलंय: लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी रेडिएशनला फार नाजूक असतात. कवटीतून दोन आठवडे रोज वाहणारं रक्त रेडिएशनखाली जात राहिलं, तर ज्या पेशींच्या भरवशावर इम्युनोथेरपी चालते त्याच कमी होतात. रेडिओसर्जरीत किरण नेमक्या जागी आणि थोडाच वेळ पडतात, त्यामुळे हे नुकसान खूप कमी.

आता अंतराबद्दल. महिनाभर थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांची काळजी मला कळते, पण औषध शरीरात कसं वागतं ते पाहिलं की त्या महिन्याचा फारसा अर्थ उरत नाही. पेम्ब्रोलिझुमॅबचं अर्धायुष्य साधारण तीन आठवड्यांचं, निव्होलुमॅबचं थोडं जास्त. म्हणजे एक डोस दिल्यानंतर तीन आठवड्यांनीही निम्मं औषध रक्तात असतं, आणि लिम्फोसाइटवर ब्रेकसारखं काम करणाऱ्या पीडी-१ रिसेप्टरला ते दोन महिन्यांहून जास्त काळ चिकटून राहतं. रेडिओसर्जरीचा परिणामही त्या एका दिवसापुरता नसतो. गाठीतल्या पेशी मरणं, रक्तवाहिन्या बदलणं, भोवती सूज येणं-ओसरणं हे महिनोन्‌महिने चालतं. कॅलेंडरवर दोन तारखा लांब नेल्या म्हणून शरीरात हे दोन परिणाम वेगळे होत नाहीत. शिवाय महिनाभर इम्युनोथेरपी रोखली, तर तेवढा वेळ फुप्फुसातला आणि इतर ठिकाणचा आजार मोकळा सुटतो. तो तोटा ठरलेला; त्या बदल्यात टळलेला धोका मात्र आजवर कोणी नीट दाखवलेला नाही.

संशोधनात ‘एकत्र’ म्हणजे काय हेही समजून घ्या, नाहीतर वाचलेल्या बातम्यांचा गोंधळ होतो. बहुतेक लेखांत दोन्ही उपचार साधारण चार आठवड्यांच्या आत झाले की त्याला एकत्र म्हणतात. एकाच दिवशी असा त्याचा अर्थ नसतो. मी स्वतः इम्युनोथेरपी आणि रेडिओसर्जरी एकाच दिवशी लावत नाही. त्यात धोका आहे म्हणून नव्हे. त्या रात्री ताप आला, डोकं भयंकर दुखलं किंवा फिट आली, तर कशामुळे आली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. काही दिवस मागे-पुढे ठेवलं की हा गोंधळ टळतो. आधीच इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला मेंदूत नवी गाठ आली, तर मी सलाइन थांबवायला सांगत नाही. दोन सायकलच्या मधला आठवडा रेडिओसर्जरीसाठी निवडते. बीआरएएफ जनुकातल्या बदलावर काम करणाऱ्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. डाब्राफेनिब-ट्रामेटिनिबसारखी जोडी चालू असेल तर रेडिओसर्जरीच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तरी ती बंद ठेवतात. इम्युनोथेरपीचा नियम आणि गोळ्यांचा नियम लोक एकमेकांत मिसळतात, म्हणून हे लिहिलं.

तुम्ही वाचलेल्या ‘रेडिएशनमुळे शरीरभरचा कॅन्सर विरघळतो’ या गोष्टीत तथ्य आहे, पण तिच्यावर बेत आखू नका. रेडिएशनने मरणाऱ्या पेशींमधून कॅन्सरची ओळख पटवणारे तुकडे बाहेर पडतात, पेशीच्या आत तुटलेला डीएनए धोक्याचे संदेश पाठवतो, आणि रोगप्रतिकारक पेशी ते तुकडे मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे तयार झालेल्या टी पेशी पुन्हा मेंदूत आणि इतरत्र पोहोचतात. पीडी-१ हा त्या पेशींवरचा ब्रेक. इम्युनोथेरपी तो सोडवते. एका जागी रेडिएशन दिलं आणि दूरची गाठ लहान झाली, या घटनेला १९५३ मध्येच अ‍ॅब्स्कोपल परिणाम हे नाव दिलं गेलं, आणि इपिलिमुमॅब घेणाऱ्या एका मेलानोमा रुग्णात तो स्पष्ट दिसल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून सर्वांच्या आशा वाढल्या. कागदावर हे सगळं सुंदर जुळतं. रोजच्या कामात तो परिणाम दुर्मीळच राहिलाय.

मागे वळून केलेल्या बऱ्याच अभ्यासांत दोन्ही उपचार जवळजवळ घेतलेले रुग्ण जास्त जगले, हे खरं. ते आकडे पाहून मलाही बरं वाटतं. पण ज्याला दोन्ही उपचार मिळाले तो रुग्ण मुळातच जास्त धडधाकट होता, दुसऱ्या उपचारापर्यंत टिकला होता, आणि त्याला बहुधा स्टिरॉइड कमी लागत होतं. त्यामुळे आयुष्य वाढलं त्यातलं किती एकत्र देण्यामुळे आणि किती मुळातल्या प्रकृतीमुळे, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. मी दोन्ही उपचार जवळ देते ते एवढ्याचसाठी की कोणत्याही एकासाठी दुसरा लांबवण्याचं कारण मला दिसत नाही. जादा फायदा झाला तर आनंदच आहे.

आता मेंदू सुजण्याची भीती, म्हणजे रेडिएशन नेक्रोसिस. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. रेडिओसर्जरीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत येणारी सूज सहसा थोडी असते आणि थोड्या स्टिरॉइडने बसते. नेक्रोसिस उशिरा येतो, साधारण तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही. गाठीच्या जागची आणि भोवतीची मेलेली ऊती, गळक्या रक्तवाहिन्या आणि सूज, असं त्याचं रूप. इम्युनोथेरपीमुळे तो वाढतो का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४८० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात इम्युनोथेरपी घेतलेल्यांमध्ये लक्षणं देणारा नेक्रोसिस सुमारे अडीचपट दिसला, मेलानोमात त्याहून जास्त. इतर काही अभ्यासांत असा फरक सापडला नाही. मी माझ्या रुग्णांना सांगते की धोका काहीसा वाढतो असं धरून चालू, आणि तो कमी करण्यासाठी हातात जे आहे ते करू.

हातात असतं ते दिवसांचं अंतर नव्हे, प्लॅन. १२ ग्रेहून जास्त डोस मेंदूच्या किती भागाला मिळतोय, या एका आकड्याकडे मी सर्वांत जास्त वेळ बघत बसते. एका बैठकीच्या रेडिओसर्जरीत तो भाग ५ घन सेंटिमीटर असेल तर लक्षणं देणाऱ्या नेक्रोसिसचा धोका १० टक्क्यांच्या आसपास, १० घन सेंटिमीटरला १५ टक्के, १५ च्या पुढे २० टक्के. वडिलांची १८ मिलिमीटरची गाठ पूर्ण गोल धरली तर तिचं आकारमान ३ घन सेंटिमीटर. तिच्याभोवती डोस उतरत जातो त्या कड्यासकट १२ ग्रेचा भाग सहज ७-८ घन सेंटिमीटर होऊ शकतो. अशा वेळी काही जण २४ ऐवजी २० ग्रे देतात, काही जण २७ ग्रे तीन बैठकांत. मी गाठ मेंदूच्या कोणत्या भागात आहे ते बघून ठरवते. हात-पाय हलवणाऱ्या पट्टीजवळ असेल तर विभागून देण्याकडे माझा कल असतो. डॉक्टरांना हा आकडा जरूर विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावणार नाही.

स्टिरॉइडवर मी सर्वांत जास्त भर देणार आहे, कारण तिथे खरंच काही बदलता येतं आणि नेमकं तेच कोणी समोर बसून समजावत नाही. डेक्सामेथासोन हे फार ताकदीचं औषध. त्याचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं ५ मिलिग्रॅम. वडील रोज १२ मिलिग्रॅम घेतात, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ८० मिलिग्रॅम. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी सुरू करताना प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम किंवा जास्त चालू असलेल्या रुग्णांना औषधाचा फायदा कमी झाला, हे २०१८ पासून माहीत आहे. नंतरच्या विश्लेषणात असंही दिसलं की कॅन्सरच्या त्रासासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांचं वाईट झालं, दुसऱ्या कारणांसाठी घेणाऱ्यांचं तितकं नाही. म्हणजे दोष सगळा स्टिरॉइडचा नाही, काही अंशी मूळ आजाराच्या जोराचा आहे. तरीही इम्युनोथेरपी जिच्या जोरावर चालते त्या प्रतिकारशक्तीला ८० मिलिग्रॅमच्या दाबाखाली ठेवून पहिलं सलाइन लावायला माझं मन धजत नाही. डेक्सामेथासोन दीड मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणता आलं तर आपण त्या १० च्या रेषेवर येतो.

हे घरी बसून स्वतः करायचं नाही, हे कृपया लक्षात ठेवा. अचानक बंद केलं तर मेंदूची सूज उसळते, आणि काही आठवडे स्टिरॉइड घेतलेल्या माणसाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्त झालेल्या असतात. रक्तदाब पडू शकतो, उलट्या होतात, माणूस गळून जातो. पण डॉक्टरांना विचारायचं हे: हा डोस कमी करण्याचा तक्ता काय आहे? पुष्कळदा तक्ताच नसतो. इमर्जन्सीत कोणीतरी ४ मिलिग्रॅम तीनदा लिहिलेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक कागदावर ते तसंच उतरत जातं. सूज मध्यम आणि लक्षणं सौम्य असतील तर रोज ४ मिलिग्रॅमनेही बहुतेकांचं भागतं. रेडिओसर्जरी आधी केल्याचा एक फायदा हाच की सुजेचं मूळ असलेली गाठ आटोक्यात यायला लागली की आठवडा-दोन आठवड्यांत स्टिरॉइड उतरवता येतं, आणि तोवर जनुकीय रिपोर्टही आलेला असतो. वडिलांसाठी माझा क्रम यातूनच येतो: आता रेडिओसर्जरी, सोबत स्टिरॉइडचा उतरता तक्ता, रिपोर्टमध्ये ईजीएफआर-एएलकेसारखं काही नसेल तर एक ते दोन आठवड्यांत पेम्ब्रोलिझुमॅब. फुप्फुसातला आजार वेगाने वाढत असेल, श्वासाला त्रास होत असेल, तर मात्र स्टिरॉइड पूर्ण उतरायची वाट न बघता औषध सुरू करावं लागेल. तिथे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टचा शब्द मी शेवटचा मानते.

प्लॅनिंगचा एमआरआय ताजा हवा, हे जाता जाता. महिनाभर जुन्या फोटोवर रेडिओसर्जरी करू नये. गाठी वाढतात, सूज बदलते, नवा ठिपका आलेला असू शकतो. आठवडाभराच्या आतला, कॉन्ट्रास्ट देऊन एक मिलिमीटर जाडीच्या कापांत काढलेला एमआरआय असावा.

पुढच्या वर्षातला सर्वांत कठीण दिवस कोणता असेल तेही सांगून ठेवते. दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय होईल. पहिला बहुधा छान येईल. मग सहाव्या-सातव्या महिन्यात कधीतरी रिपोर्टमध्ये ‘गाठीचा आकार वाढला’ असं वाक्य येऊ शकतं. त्या वाक्यावर घाईने निर्णय होतात आणि चांगलं चाललेलं औषध बंद पडतं.

माझ्या एका मेलानोमाच्या रुग्ण बाईंची गोष्ट. रेडिओसर्जरीच्या वेळी गाठ ९ मिलिमीटर, तीन महिन्यांनी ५, आणि मग १४. बाई ठणठणीत, कामावर जात होत्या. एमआरआयमध्ये गाठीच्या जागी कड चमकणारं, आत काळं पडलेलं एक वेडंवाकडं कडं दिसत होतं आणि भोवती पांढरी सूज, कड्याच्या मानाने खूपच जास्त. परफ्युजनमध्ये त्या भागात रक्तप्रवाह कमी होता. जिवंत कॅन्सर असता तर सहसा तो वाढलेला दिसतो. शरीरात इतरत्र सगळं शांत होतं. आम्ही इम्युनोथेरपी चालू ठेवली, स्टिरॉइड दिलंच नाही, आणि थोड्या आठवड्यांनी स्कॅन परत केला. कडं १४ वर थांबलं होतं. त्याच्या पुढच्या स्कॅनला ते आक्रसलं. इम्युनोथेरपी चालू असताना टी पेशी गाठीत शिरल्यामुळेही ती काही काळ फुगलेली दिसू शकते. म्हणूनच मेंदूच्या स्कॅनसाठी २०१५ मध्ये आलेल्या निकषांत असं सुचवलंय की इम्युनोथेरपी सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्कॅन बिघडलेला दिसला, पण रुग्णाची तब्येत खालावलेली नसेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा बघून मगच आजार वाढला असं ठरवावं. ‘तब्येत खालावलेली नसेल’ ही अट महत्त्वाची. हात लुळा पडत असेल तर तीन महिने कोणी थांबत नाही.

शंका फिटत नसेल तर अमिनो आम्लाचा पेट स्कॅन करता येतो. नेहमीचा, साखरेसारखं द्रव्य टोचून केलेला एफडीजी पेट मेंदूत फारसा उपयोगी नाही, कारण मेंदू स्वतःच साखर भरपूर ओढतो. आणि नेक्रोसिसच निघाला, त्रासही देत असेल, तर थोड्या काळाचं स्टिरॉइड हा पहिला उपाय. ते लांबत चाललं तर मी लवकरच बेव्हासिझुमॅबकडे वळते. ते गळक्या रक्तवाहिन्यांची सूज उतरवतं आणि प्रतिकारशक्ती दाबत नाही, म्हणून इम्युनोथेरपी घेणाऱ्यांना ते जास्त सोयीचं. नुकता रक्तस्राव झाला असेल किंवा शस्त्रक्रियेची जखम ताजी असेल तर ते चालत नाही. त्यानेही भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. त्यातून ऊती तपासायला मिळते आणि प्रश्नाचा निकाल लागतो.

डोकेदुखी मेंदूतल्या गाठीमुळेच असते असंही नाही. इम्युनोथेरपीमुळे पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या, कॉर्टिसॉल-थायरॉइडसारखी हार्मोन्स सांभाळणाऱ्या ग्रंथीला सूज येऊ शकते, इपिलिमुमॅबमध्ये जास्त, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. डोकं दुखतं, विलक्षण थकवा येतो, सोडियम घसरतं, रक्तदाब कमी होतो. गाठी असलेल्या माणसाला असं झालं की सगळे पुन्हा मेंदूचा स्कॅन करायला धावतात आणि सकाळचं कॉर्टिसॉल, थायरॉइड तपासायचं राहून जातं. वडिलांच्या बाबतीत आणखी गुंता असा की डेक्सामेथासोन चालू असताना कॉर्टिसॉल तसंही कमी येतं. म्हणून इम्युनोथेरपी सुरू करण्याआधी थायरॉइडची तपासणी करून ठेवायला सांगा, आणि कॉर्टिसॉलचा आकडा वाचताना स्टिरॉइड केव्हा आणि किती घेतलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्टरांची गाठ घ्याल तेव्हा शक्य असेल तर मेडिकल आणि रेडिएशन, दोघांशी एकाच वेळी बोला. दोघेही तुम्हाला चुकीचं सांगत नाहीयेत. एकाच्या नजरेसमोर फुप्फुस आहे, दुसऱ्याच्या मेंदू. जनुकीय रिपोर्ट कधी, १२ ग्रेचा भाग किती, स्टिरॉइडचा तक्ता कोण लिहून देणार, आणि पुढचा एमआरआय कोणत्या आठवड्यात, एवढी चार उत्तरं त्या भेटीत कागदावर उतरवून घ्या. दरम्यान फिट आली, हाता-पायात नवीन कमजोरी आली, बोलणं अडखळायला लागलं, उलट्यांसह डोकेदुखी वाढली किंवा माणूस गुंगीत जायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत न्या आणि तिथे पोहोचताच सांगा की मेंदूत गाठी आहेत आणि स्टिरॉइड चालू आहे. रिपोर्ट आला की इथे लिहा, ईजीएफआर किंवा एएलके निघालं तर त्यावर पुढचं सांगेन.